समुद्र किती पातळ करतो आणि ग्रिड किती: प्रकल्प नोंदी

४ नोव्हेंबर

कामाचं स्वरूप आधी लिहून ठेवते. नदीतून आलेलं प्रदूषण किनाऱ्यालगतच्या समुद्रात कसं पसरतं, याची मॉडेलं चालवणाऱ्यांसाठी एक मार्गदर्शक टिपण तयार करायचं आहे. मॉडेल समुद्राचे चौकोनी खण पाडतं आणि प्रत्येक खणात एकच किंमत धरतं; या खणांची जाळी म्हणजे ग्रिड. प्रश्न एवढाच की ग्रिड किती जाड, म्हणजे खण किती मोठे, चालेल? क्लस्टरवर, म्हणजे एकत्र जोडलेल्या संगणकांवर, तास मोजून मिळतात, त्यामुळे बहुतेक जण एक किलोमीटरच्या ग्रिडवर निभावून नेतात. नकाशे सुबक येतात. मुखाशी लाल, मग पिवळा, मग निळा. पण त्यातलं पातळ होणं समुद्रानं किती केलं आणि आकडेमोडीनं किती, हे सहसा कुणी वेगळं काढत बसत नाही. आम्हाला तेच काढायचं आहे.

खरी नदी मुद्दाम घेतली नाही. खऱ्या नदीत उत्तर जुळलं नाही की खोलीचा नकाशा, विसर्गाची नोंद, वारा, कुणावरही खापर फोडता येतं. म्हणून कागदावरचा किनारा घेतलाय: सरळ, उत्तर गोलार्धातला, अक्षांश २०. किनाऱ्याशी ५ मीटर पाणी, ४० किलोमीटर बाहेर ६० मीटर. नदीचा विसर्ग १००० घनमीटर प्रति सेकंद, म्हणजे क्युसेकमध्ये साधारण ३५ हजार. मुख ५०० मीटर रुंद. समुद्राची क्षारता ३४ (एक किलो पाण्यात एवढे ग्रॅम मीठ), नदीची शून्य. मॉडेल रॉम्स, समुद्राच्या प्रवाहांचं, कारण कोड खुला आहे आणि वहनाच्या, म्हणजे मीठ-रंग एका खणातून दुसऱ्यात नेण्याच्या, पद्धती एकेक करून बदलून बघता येतात.

६ नोव्हेंबर

रन लावण्याआधी, म्हणजे मॉडेल चालवण्याआधी, कागदावरचे हिशेब. हे आधी केलं नाही तर मॉडेल जे दाखवेल ते खरं वाटायला लागतं.

गोडं पाणी हलकं, म्हणून ते खाऱ्या पाण्यावर पसरतं. क्षारतेत एकाचा फरक म्हणजे घनतेत साधारण पाऊण किलो प्रति घनमीटर. मुखापासून थोडं पुढे वरच्या थराची क्षारता २४ झाली असं धरलं तर खालच्या पाण्याशी घनतेचा फरक साडेसात किलोच्या आसपास. थर ४ मीटर जाड धरला तर त्याचा स्वतःचा पसरण्याचा वेग अर्ध्या मीटर प्रति सेकंदाहून थोडा जास्त येतो. या वेगाला पृथ्वीच्या फिरण्याच्या घटकानं, म्हणजे अक्षांश २० वर ०.००००५ प्रति सेकंदानं भागलं की सुमारे ११ किलोमीटर. याला रॉस्बी त्रिज्या म्हणतात. एवढं अंतर बाहेर गेल्यावर पाणी उजवीकडे वळतं आणि किनारा उजव्या हाताला ठेवून पुढे सरकत राहतं. दक्षिण गोलार्धात डावीकडे.

नदीचं पाणी खोल समुद्रात निघून जातं ही समजूत इथेच अडखळते. वारा आडवा आला नाही तर घाण किनाऱ्याला चिकटूनच शेजारच्या किनाऱ्याकडे जाते. या ११ किलोमीटरच्या पट्ट्यात एक किलोमीटरचं ग्रिड म्हणजे अकरा खण. पट्ट्याची खरी धार, म्हणजे जिथे क्षारता झपकन बदलते ती जागा, त्यातल्या एकाच खणात मावते.

९ नोव्हेंबर

निश्चल पाण्याची चाचणी. नदी बंद, वारा बंद, भरती-ओहोटी बंद. फक्त थर असलेलं पाणी उतरत्या तळावर ठेवायचं. काहीच हलायला नको. पण मॉडेलनं खोलीचे पाडलेले थर तळाबरोबर वाकणारे असले की दाबाच्या हिशेबात दोन मोठ्या संख्यांची वजाबाकी होते आणि उरलेल्या चुकीवर पाणी आपोआप चालू लागतं. आमच्याकडे काही मिलिमीटर प्रति सेकंद. तळ मंद उताराचा आहे म्हणून एवढ्यावर भागलं. खऱ्या किनाऱ्यावर खडी कपार असेल तर ही चाचणी टाळू नये, असं टिपणात घालायचं.

थरांचंही बघितलं. खोली वीस सारख्या थरांत विभागली तर ५ मीटर पाण्यात प्रत्येकी २५ सेंटिमीटर, पण ६० मीटरला प्रत्येकी ३ मीटर. म्हणजे ४ मीटरचा गोड्या पाण्याचा थर बाहेर गेला की जेमतेम सव्वा थरात उरतो. थर पृष्ठभागाकडे दाटीवाटीनं लावले.

१२ नोव्हेंबर

टाइम स्टेप, म्हणजे मॉडेल एका वेळी जेवढ्या सेकंदांनी पुढे सरकतं ते पाऊल. ६० मीटर पाण्यात पृष्ठभागाची लाट २४ मीटर प्रति सेकंदानं पळते. कूरांत, फ्रीड्रिख्स आणि लेवी यांची १९२८ ची अट, की एका पावलात लाटेनं एका खणाहून पुढे जाऊ नये, इथे सरळ लागू: २५० मीटरच्या खणाला दहा सेकंदांच्या वर गेलं की मॉडेल फुटतं, आकडे बेसुमार वाढतात. पृष्ठभागाची हालचाल छोट्या पावलांनी आणि आतली मोठ्या पावलांनी चालवली की परवडतं. याहून जास्त लिहिण्यासारखं नाही.

१५ नोव्हेंबर

नदी खणात शिरते तिथे थांबून बघितलं. एक किलोमीटरचा खण, पाणी ५ मीटर: पोटात ५० लाख घनमीटर. १००० घनमीटरच्या नदीला तो भरायला ५००० सेकंद, म्हणजे एक तास तेवीस मिनिटं लागतात. या वेळात जे आलं ते त्या खणात ताबडतोब सगळीकडे सारखं झालं, असं मॉडेल समजतं. शिवाय ५०० मीटर मुखाची नदी दुप्पट रुंद दारातून सोडल्यामुळे तिचा जोर अर्धा होतो. ०.४ मीटर प्रति सेकंदानं बाहेर पडणारं पाणी ०.२ मीटरनं पडतं.

२५० मीटरच्या ग्रिडवर तीच नदी दोन खणांतून येते आणि प्रत्येक खण साधारण दहा मिनिटांत भरतो. समुद्रानं अजून हातही लावलेला नसताना दोन ग्रिडांत पातळ होण्याची सुरुवातच निराळी.

२० नोव्हेंबर

पहिला रंगाचा रन. नदीच्या पाण्यात १०० एकक रंग, समुद्रात शून्य. रंग मरत नाही, बसत नाही, कशाला चिकटत नाही. पाणी जाईल तिथे जातो.

वहनाची सर्वात साधी पद्धत आधी लावली, प्रवाह ज्या बाजूनं येतो त्या बाजूच्या खणातली किंमत उचलायची ती. मजबूत पद्धत, कधी फुटत नाही, म्हणून जुन्या मांडण्यांत अजून दिसते. पण ती विसरण, म्हणजे पसरून पातळ होणं, स्वतःच्या पदरचं घालते: वेग गुणिले खणाची लांबी, भागिले दोन. प्रवाह ०.३ मीटर प्रति सेकंद आणि खण १००० मीटर, की १५० चौरस मीटर प्रति सेकंद. ओकुबो यांनी १९७१ मध्ये समुद्रात सोडलेल्या रंगांच्या प्रयोगांवरून जो संबंध मांडला, त्यानुसार एक किलोमीटरच्या डागाला खरं विसरण अर्ध्या चौरस मीटर प्रति सेकंदाच्या जरा वर येतं. म्हणजे समुद्राचा वाटा एक आणि आकडेमोडीचा अडीचशे. ग्रिड २५० मीटरवर आणलं तरी आकडेमोडीचे ३७ उरतातच.

गंमत अशी की या रनचा नकाशा सगळ्यात ‘नैसर्गिक’ दिसतो. कडा मऊ, रंग हळूहळू उतरणारे. उपग्रहचित्रात नदीच्या पट्ट्याची कड मात्र सुरीनं कापल्यासारखी असते, तिच्यावर फेस आणि कचऱ्याची ओळ जमलेली.

२४ नोव्हेंबर

वरच्या दर्जाची पद्धत लावली, तिसऱ्या क्रमाची. कड धारदार झाली आणि कडेच्या बाहेर रंग उणे तीन. समुद्रात उणे प्रदूषण! धारदार बदलाशी अशा पद्धती थोडं वर-खाली डुलतात, त्याचा हा परिणाम.

बऱ्याच जणांचा यावर उपाय म्हणजे उणे आलं की शून्य करायचं. चित्र साफ होतं, पण प्रत्येक वेळी थोडं प्रदूषण हवेतून पैदा होतं. म्हणून ताळेबंद सक्तीचा केला: नदीनं ओतलेलं बरोबर पाण्यात असलेलं अधिक मॉडेलच्या उघड्या सीमेतून गेलेलं. शून्य करण्याची युक्ती लावून बघितली तेव्हा ताळेबंद रन संपेपर्यंत फुगतच गेला. हा ताळेबंद काढायला दहा ओळींचा कोड लागतो, तरी अहवालांत तो क्वचित सापडतो.

२ डिसेंबर

आजची नोंद जरा लांब होणार.

क्षारता हा नदीनं स्वतःच आणलेला ट्रेसर आहे, म्हणजे पाणी कुठे गेलं ते दाखवणारी खूण. एखाद्या ठिकाणी क्षारता ३०.६ असेल तर तिथे दहा टक्के नदी आहे आणि नव्वद टक्के समुद्र. मग न मरणारा रंग तिथे १० एककच असला पाहिजे. क्षारता २७.२ असेल तर २०. आडव्या अक्षावर क्षारता, उभ्यावर रंग, आणि सगळ्या खणांचे ठिपके मांडले की शून्य-शंभरपासून चौतीस-शून्यपर्यंत एक सरळ रेषा यायला हवी. समुद्रातून नमुने गोळा करणारे ही आकृती केव्हापासून वापरतात: ठिपके रेषेवर तर नुसतं मिसळणं, रेषेखाली तर वाटेत काहीतरी शोषलं गेलं किंवा मेलं, वर तर वाटेत आणखी कुठूनतरी आलं.

आमच्या रनचे ठिपके रेषेवर बसले नाहीत. मधोमध, क्षारता २० ते ३० मध्ये, पोट सुटल्यासारखे खाली झुकलेले. रंग मरत नाही आणि शोषलाही जात नाही, मग? रंगाला उणं टाळणारी एमपीडेटा पद्धत होती आणि मिठाला तिसऱ्या क्रमाची. मीठ एका तऱ्हेनं पसरत होतं आणि रंग दुसऱ्या. एकाच पाण्यातल्या दोन गोष्टी! हे झुकलेलं पोट खऱ्या अभ्यासात दिसलं असतं तर ‘जैविक शोषण’ म्हणून त्यावर परिच्छेद लिहिला गेला असता.

दोघांना एचसिम्ट ही एकच वहन पद्धत दिली. ती उणं होऊ देत नाही, आणि मागे ३४ ची पार्श्वभूमी आहे की शून्याची याचा तिच्या निर्णयावर परिणाम होत नाही. ठिपके रेषेवर आले. हीच आकृती टिपणात पहिल्या पानावर घ्यावी असं माझं मत. सहकाऱ्याचं म्हणणं, वाचणाऱ्याला नकाशा आधी हवा असतो. वाद चालू आहे.

८ डिसेंबर

भरती-ओहोटी चालू केली: चंद्राची १२.४२ तासांची, सूर्याची १२ तासांची. दोन्हींचा मेळ बसत-सुटत उधाण आणि भांग साधारण पावणेपंधरा दिवसांनी फिरून येतात. त्यामुळे कुठलाही रन पंधरा दिवसांहून आखूड ठेवून उपयोग नाही. भांगाला पाणी कमी ढवळतं आणि गोड्या पाण्याचा थर पातळ नि लांब पसरतो; उधाणाला तळापर्यंत मिसळतं.

सर्वाधिक प्रवाह अर्धा मीटर प्रति सेकंद असेल तर पाण्याचा एखादा ठिपका एका भरतीत सात किलोमीटर पुढे जातो आणि ओहोटीला परत येतो. म्हणून ‘सकाळी दहाचा नकाशा’ काही सांगत नाही. आणि २४ तासांची सरासरीही धड नाही, कारण चंद्राचा दिवस २४ तास ५० मिनिटांचा. सरासरीत भरतीचा तुकडा उरतो आणि तो पंधरवड्याच्या संथ लाटेसारखा दिसायला लागतो. २४, २४ आणि २५ तासांच्या लागोपाठच्या सरासऱ्या घेणारी गोडिन यांची चाळणी लावली.

१३ डिसेंबर

वारा. किनारा डाव्या हाताला ठेवून वाहणारा ७ मीटर प्रति सेकंदाचा वारा उत्तर गोलार्धात पृष्ठभागाचं पाणी उजवीकडे, म्हणजे समुद्राकडे ढकलतो. ४ मीटरच्या थरात हिशेबानं ०.३४ मीटर प्रति सेकंद. असा वारा स्थिरावून एक दिवस चालला तर पट्टा तीस किलोमीटर बाहेर. उलट वाऱ्यात तोच पट्टा किनाऱ्याला दाबून जाड होतो. सहा नोव्हेंबरचे ११ किलोमीटर वाऱ्यापुढे किती टिकतात ते यावरून कळावं.

एक खाचखळगा नोंदवून ठेवते. वाऱ्याचा जोर वेगाच्या वर्गावर चालतो. अर्धा दिवस १० मीटरचा वारा, अर्धा दिवस शांत. दैनिक सरासरी ५, वर्ग २५. खरी सरासरी ५०. दैनिक वारा दिला की निम्मा जोर गायब, आणि दुपारचा खारा वारा तर पूर्णच. ईआरए५ या हवामानाच्या जागतिक नोंदसंचातून ताशी वारा मिळतो, तोच घ्यावा. पण त्याचा खण पाव अंशाचा, किनाऱ्याशी अर्धी जमीन नि अर्धं पाणी एकाच खणात येतं, हे ध्यानात ठेवून.

१९ डिसेंबर

आता मरणारं प्रदूषण: मैलापाण्यातले जिवाणू. इथे नव्वद टक्के मरायला लागणारा वेळ वापरतात. मॅन्सिनी यांच्या १९७८ च्या सूत्रात अंधारातला मृत्युदर क्षारता आणि तापमानावर आहे: निव्वळ समुद्राचं पाणी, २० अंश, तर १.४ प्रतिदिन, म्हणजे नव्वद टक्के मरायला साधारण ४० तास. पाणी २८ अंशांचं असेल तर २३ तास. यावर उन्हाचा हिस्सा वेगळा चढतो, आणि दिवसा तोच भारी पडतो.

पण ऊन पाण्यात किती खोल जातं ते गाळावर अवलंबून. ४ मीटरचा थर घेतला. पाणी स्वच्छ असेल, प्रकाश विझण्याचा गुणांक ०.३ प्रति मीटर, तर थरात सरासरी ५८ टक्के प्रकाश. गढूळ असेल, गुणांक ५, तर फक्त ५ टक्के. जवळजवळ बारापट फरक. सगळ्यात घाण पाणी सगळ्यात गढूळही असतं, त्यामुळे गाळ जिवाणूंना उन्हापासून सांभाळतो.

इथे ग्रिडचा प्रश्न वेगळंच वळण घेतो. जाड ग्रिड रंगाला पातळ करतं तसं गाळालाही करतं. गाळ निम्मा झाला आणि गुणांक ५ वरून २.५ वर आला, तर प्रकाश ५ टक्क्यांचा १० होतो आणि उन्हानं मरणारे जिवाणू मॉडेलमध्ये दुप्पट वेगानं मरतात. म्हणजे आकडेमोडीनं आधी प्रदूषण पातळ केलं आणि मग त्याच पातळपणाच्या जोरावर उरलेलंही मारलं. रंगाच्या रनमध्ये ताळेबंद बसतो म्हणून आम्ही निर्धास्त होतो. जिवाणूंमध्ये ताळेबंद बसूनही उत्तर चुकतं, कारण मेलेले जिवाणू ‘मेलेले’ या रकान्यात व्यवस्थित जमा होतात.

सहकाऱ्यानं विचारलं, “मग गाळ मॉडेलमधून घ्यायचाच नाही का?” मुखाजवळ उपग्रहाचा गढूळपणा वापरता येईल. सेंटिनेल-२ या उपग्रहाचा खण १० मीटरचा आहे, कड नीट दिसते. ढग नसतील तेव्हा.

२७ डिसेंबर

गाळाला चिकटून येणारे धातू. दोन मायक्रॉनचा चिकणमातीचा एकटा कण स्थिर पाण्यात १० मीटर खाली बसायला महिनाभर घेतो. मिठाच्या पाण्यात असे कण एकमेकांना चिकटून गोळे होतात आणि अर्धा मिलिमीटर प्रति सेकंदानं बसतात: साडेपाच तास. त्यामुळे बसण्याच्या वेगाचा एकच आकडा देऊन चालत नाही. नदीचा वेगळा, समुद्राचा वेगळा. आणि बसलेलं कायमचं बसलं असंही नाही. लाटा आल्या की पुन्हा उठतं आणि नदी स्वच्छ असतानाही क्षारतेच्या आकृतीतले ठिपके रेषेच्या वर जातात.

अपघाती गळतीचा रन वेगळा लावावा लागेल. ब्राझीलमध्ये मारियाना इथलं खाणीच्या गाळाचं धरण ५ नोव्हेंबर २०१५ ला फुटलं आणि डोसे नदीतून तो गाळ २१ नोव्हेंबरला अटलांटिकमध्ये पोहोचला. अशा वेळी लोकांना शिखर हवं असतं: सर्वात जास्त किती आणि कधी. जाड ग्रिड नेमकं शिखरच छाटतं आणि ते लवकर आल्याचं दाखवतं, कारण पसरलेल्या डागाची पुढची कड आधी पोहोचते.

५ जानेवारी

प्राणवायूचं काम या टिपणात घ्यायचं नाही, असं ठरलं. मेक्सिकोच्या आखातात मिसिसिपीच्या पोषक द्रव्यांमुळे दर उन्हाळ्यात तळाशी प्राणवायू लिटरमागे २ मिलिग्रॅमच्या खाली जातो. २०१७ मध्ये असं क्षेत्र २२,७२० चौरस किलोमीटर मोजलं गेलं, १९८५ पासूनच्या मोजणीत सर्वात मोठं. त्यासाठी शेवाळ, कुजणं, तळाचा गाळ सगळंच मांडावं लागतं. पण एक वाक्य घालणार: वरचं हलकं पाणी झाकणासारखं बसतं म्हणून खाली हवा पोहोचत नाही, आणि उभ्या दिशेनं फाजील मिसळणारं मॉडेल हे झाकणच उघडून टाकतं.

११ जानेवारी

पाण्याचं वय. डेले, डेलर्सनायडर आणि सहकाऱ्यांनी १९९९ मध्ये मांडलेली पद्धत: रंगाबरोबर दुसरा ट्रेसर चालवायचा, जो रंगाच्या प्रमाणात दर क्षणी वाढत जातो. दुसऱ्याला पहिल्यानं भागलं की नदी सोडून किती वेळ झाला ते प्रत्येक खणात मिळतं. एकदा वय मिळालं की मृत्युदर बदलून बघायला दरवेळी नवा रन लागत नाही, ढोबळ अंदाज कागदावर निघतो.

वयाच्या नकाशात ग्रिडची चूक रंगापेक्षा उघडी पडते. जाड ग्रिडवर लांबचं पाणी तरुण दिसतं, कारण विसरणानं थोडा रंग झटपट लांब नेला. मला वाटतं तपासणीसाठी हाच नकाशा आधी मागावा.

१८ जानेवारी

एक किलोमीटर, ५०० आणि २५० मीटर, तिन्ही रन शेजारी ठेवले. जाड ग्रिडवर २० एककांहून जास्त रंगाचं क्षेत्र लहान होतं आणि १ एककाहून जास्त रंगाचं मोठं. एकच नकाशा मुखाजवळच्या लोकांना धोका कमी सांगतो आणि लांबच्यांना जास्त. ‘मॉडेल सुरक्षित बाजूनं चुकतं’ हे वाक्य अहवालांत नेहमी असतं. कुणाच्या सुरक्षित बाजूनं, ते लिहायला हवं.

बैठकीत अपेक्षित प्रश्न आला: “एकच आकडा सांगा, किती किलोमीटरपर्यंत?” आम्ही तास दिले. पंधरवड्यातले किती तास पाणी मर्यादेबाहेर होतं, त्याचा नकाशा. किलोमीटर वाऱ्याबरोबर बदलतात.

२३ जानेवारी

टिपणातलं वादाचं कलम: प्रत्येक नकाशासोबत निम्म्या खणाच्या ग्रिडवरचा एक रन जोडावा. आक्षेप खर्चाचा. खण निम्मा केला की लांबीत दुप्पट, रुंदीत दुप्पट, टाइम स्टेपही निम्मा, म्हणजे आठपट तास. रास्त आहे. तडजोड अशी की अख्खं वर्ष पुन्हा चालवायचं नाही, एक उधाण-भांगाचं चक्र पुरे, आणि बारीक ग्रिड फक्त मुखाभोवतीच्या वीस किलोमीटरमध्ये बसवायचं. कलम राहिलं. मीठ-रंगाची आकृती मात्र तिसऱ्या पानावर गेली, नकाशा पहिल्या.

आमचाच १२५ मीटरचा रन रात्री रांगेत टाकला. दैनिक सरासरीचं आउटपुट बंद. ताशी लिहायचं, वरचे पाच थर आणि तळाचा एक. मीठ, रंग, वय, गाळ, चौघांना एकच वहन पद्धत.